कापसातला उत्तरेचा रस्ता

मधात बोलू नका बे, पुरं ऐका अगोदर. कॉलेजच्या गॅदरिंगले आमचं नाटक होतं. जुन्या काळचा एक कप्तान उत्तरेकडून समुद्राचा रस्ता धुंडाले निघते, जहाज बर्फात फसते, तो एकटाच पायी पुढं जाते अन् हात हलवत वापस येते. प्रसेनजित कप्तान. आता जानेफळात बर्फ कुठून आणाव? भगवानकाकाच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरेल होता. काका म्हणे, "करा तालीम, पण शनिवारी कापूस न्याले ट्रॉली लागन. अन् चपला काढा रे!"

बाजेचं जहाज केलं. कापसाचा लय मस्त बर्फ झाला. प्रसेनजित ढिगामागं गेला. ढीग अन् भिंत, मधात हातभर जागा. निघायचं नावच घेईना.

"ओ कप्तान! झोपला का बे?" प्रेरणा ओरडली. नाटक तिनंच बसवलं होतं.

"थांबा, पुढं अजून हाय," आवाज आला. लय दुरून. वावराच्या त्या टोकाच्या धुऱ्यावरून कोणी बोलावं तसा.

भर दुपार होती, आमी हसून राह्यलो होतो. मंग खोलीत गार वारा सुटला. सरकीचा वास गेला, खारट वास आला.

तो निघाला. ओठ निळे. हात धरला त मले चटकाच बसला, इतका गार.

"सापडला," म्हणे. "रस्ता सापडला."

"नाटकात सापडत नाही ना बे!" प्रेरणा चिडली.

तो फिरत्या पंख्याकडं पाहतच राह्यला.

पण नाटक काय झालं, भाऊ! बर्फाबद्दल तो असं बोलला, की पब्लिक हललं नाही. पहिला नंबर!

शनिवारी ट्रॉली लागली. प्रसेनजित वर चढून कापूस तुडवत होता, मी खालून कवेत भरून देत होतो. खोली अर्धी रिकामी झाली अन् ढिगामागून प्रसेनजितचा आवाज आला.

"थांबा बे! उचलू नका! मी येऊन राह्यलो!"

मी दाराबाहेर पाह्यलं. तो ट्रॉलीवरच होता.

आवाज जवळ येत होता. पायबी ऐकू येत होते. करकर, करकर, बर्फावर चालल्यावानी.

कवेभर कापूस उरला.

ट्रॉलीवरून तो वाकला. लय मायेनं म्हणे, "दे. तोबी दे."

मी देला.

मागं नुसती भिंत. आवाजबी बंद.

त्याची आई, धम्मशीलाकाकू, खुश हाय. म्हणते, पोरगं लय शांत झालं. फक्त गरम जेवण सोसत नाही त्याले.