मागच्या पानातलं बोट

"हे पान उजेडापुढे धरा, म्हणजे नकाशा दिसेल," ऐपेरी म्हणाली.

तालायने निमूटपणे पान धरलं – भिंतीपुढे. मग हसला. "नकाशाआधी मला खिडकी दिसायला हवी ना."

खुर्चीला टेकवलेली पांढरी काठी तेव्हा कुठे तिला दिसली.

बिश्केकमधल्या त्या चहाच्या दुकानात दर शनिवारी खेळवेडी मंडळी जमायची. ऐपेरी पुस्तकं बांधायची आणि स्वतः केलेली खेळपुस्तकं तिथे आणायची. गोष्टीत वळण आलं की वाचणाऱ्याने वाट निवडायची, सांगितलेल्या पानावर जायचं. कुठे पान दुमडायचं, कुठे उजेडापुढे धरायचं. हे सगळं डोळ्यांसाठीच होतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मग ती तालायला वाचून दाखवू लागली. तो टेलिफोनच्या कचेरीत दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायचा. म्हणायचा, शनिवारी तेवढा एक आवाज तक्रार करत नाही. बाकीचे खेळाडू मागच्या पानात बोट ठेवून पुढे जात... गोष्टीत मेलं, की परत फिरता यावं म्हणून. तुमच्यासाठी मी ठेवू का, तिने विचारलं.

"बोटांनी वाचणाऱ्याकडे फालतू बोट नसतं," तो म्हणाला. "मेलो तर मेलो."

पण एकदा तो हळूच बोलून गेला, की एकट्याने खेळणं कसं असतं ते त्याला माहीतच नाही. गोष्टीतला हिमबिबट्या कुठल्या दारामागे आहे, ते तिच्या आवाजातच कळतं.

ऐपेरी ब्रेल शिकली. बिस्मिल्ला म्हणत एकेक पान टोच्याने टोचत गेली. मनात मात्र धाकधूक – स्वतः वाचता आलं, की हा आपल्याशेजारी कशाला बसेल? पुस्तक शिवून झालं, तरी ते त्याला द्यायच्या सकाळी तिने शेवटी आणखी एक पान चिकटवलं.

तालायची बोटं पहिल्या पानावरून फिरली. दुसऱ्यावरून. थांबली.

"ऐपेरी... हे कोरं आहे."

तिने पानावरून हात फिरवला, ते सपाट होतं. शिवलेलं प्रत्येक पुस्तक दाबयंत्रात घालायचं, ही वडिलांची शिकवण. हात दुखेतो तिने मळसूत्र पिळलं होतं. सगळे उठावदार ठिपके तिने स्वतःच्या हातांनी चिरडले होते.

त्याची बोटं तोवर शेवटच्या पानावर पोचली होती. ते ओल्या खळीचं, न दाबलेलं पान.

"ते नको, तालाय –"

तो मोठ्याने वाचू लागला होता. "आता तुम्हाला माझ्या आवाजाची गरज नाही. तरी माझ्याजवळ राहायचं असेल, तर पान उलटा. नसेल, तर पुस्तक मिटा."

त्याने पान उलटलं. पुढे नुसता पुठ्ठा लागला.

"पुढचं पान?"

"लिहायचा धीर झाला नाही," ती कशीबशी म्हणाली.

तालायने पुस्तक मिटलं. मग ऐपेरीला पानांत अडकलेलं त्याचं बोट दिसलं.

"लिहून होईपर्यंत राहू दे तिथेच," तो म्हणाला. "आणि बाकीचं कोरं आहे ते तू वाच. अगदी पहिल्यापासून."

त्याने तिला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं.