कोबीची राणी

कल्पना कर, फेब्रुवारीतली दुपार आहे. सपाट मुलूख, सरळ रस्ता, दोन्ही कडांना गोठायला आलेले पाण्याचे चर. त्या रस्त्यावरून गावच्या हिवाळी सहलीला निघालेली वीस-बावीस माणसं हातगाडी ओढत, शिसं भरलेले लाकडी चेंडू फेकत चालली आहेत. आता तूही त्यांच्यात चाल. नाक लाल झालंय ना? आणि पुढच्या खानावळीत सकाळपासून शिजणाऱ्या हिवाळी कोबीचा वास येतोय?

चेंडू फेकायची पाळी फ्राउकेची होती. तिनं जीव खाऊन फेकला, आणि तो वळणावर रस्ता सोडून थेट चरात गेला.

"बुडाला!" सगळे ओरडले.

पण एक उंच तरुण केव्हाच काठाशी पालथा पडला होता. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून त्यानं चेंडू वर काढला.

"तुमचा चेंडू पोहायला गेला होता," तो म्हणाला.

"मग काढलात कशाला? डुंबू द्यायचं होतं थोडं!"

बोलून गेली खरी... आणि तिचे कान तापले.

त्याचं नाव आयलर्ट. चर्चजवळच्या तीनशे वर्षांच्या कोठाराचं गवती छप्पर शाकारायला तो आला होता. महिनाभर फ्राउकेनं त्याला शिडीवर पाठमोराच पाहिलं होतं. चेहरा आज दिसला. उरलेला रस्ता दोघं शेजारी शेजारी चालले. ओली बाही वाऱ्यात कडक झाली, तरी त्यानं कोटाच्या खिशात हात घातला नाही. का, ते तिला कळत होतं. तिचा हात तिथं जवळच होता ना...

"सोमवारी निघतोय," तो मध्येच म्हणाला. "समुद्राकाठी पुढचं काम आहे."

"अच्छा," फ्राउके म्हणाली. एवढंच.

आता त्या गावची रीत ऐक. खानावळीच्या बोळात बटाट्याची पोती तोलायचा काटा असतो. जेवणाआधी प्रत्येकानं कोटासकट त्यावर उभं राहायचं, आणि जेवल्यावर पुन्हा. ज्या पुरुषाचं वजन सगळ्यांत जास्त वाढेल तो कोबीचा राजा, ज्या बाईचं वाढेल ती कोबीची राणी. पुढच्या वर्षीची सहल दोघांनी मिळून आखायची. रस्ते बघायचे, खानावळी चाखायच्या... वर्षभर!

आयलर्ट असा जेवत होता, की राजा कोण याबद्दल कुणाला शंकाच उरली नाही. कोबी, बटाटे, सॉसेज, पुन्हा कोबी.

"छपरावर भूक लागते," तो फ्राउकेला म्हणाला.

"इथं छप्पर कुठाय?"

"सवय आहे हो!"

समोर गेझीनेकाकू बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, काडीसारखी बाई. ती घास मोजून-मापून, गंभीरपणे चावत होती. "पन्नास वर्षं येतेय मी," ती म्हणाली. "माझा नवरा, हाइनो, तीनदा राजा झाला. तिन्ही वेळा राणी भलतीच! यंदा कालपासून उपाशी आहे बघ."

सगळे हसले. फ्राउकेही हसली. पण तिसऱ्या वाढीनंतर तिचं पोट तुडुंब भरलं, आणखी एकही बटाटा जाईना.

कोट घ्यायला ती बोळात गेली, तेव्हा चेंडूंची टोपली तिथंच होती. तिनं एक चेंडू उचलला आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकला. वळून पाहते तर दारात तिची आठ वर्षांची भाची, इम्के. फ्राउकेनं ओठांवर बोट ठेवलं. इम्केनं होकारार्थी मान हलवली, अगदी हळू.

काट्यानं निकाल दिला. राजा आयलर्ट, राणी फ्राउके! गेझीनेकाकू दुसरी आली होती.

राणीच्या गळ्यात लाल फितीत ओवलेलं डुकराच्या जबड्याचं हाड घालतात. हसू नकोस. तिथं त्याचा मान सोन्याच्या हाराहून मोठा. ते घालायला काकू स्वतःच उठली. "हरले गं पोरी, दोन घासांनी हरले!" ती म्हणाली आणि फ्राउकेचा गालगुच्चा घेतला. मग पडल्या चेहऱ्यानं ती जागेवर जाऊन बसली.

"राणीसाहेब," आयलर्टनं पेला उंचावला, "पहिली खानावळ कुठली?"

फ्राउकेला त्याच्याकडे बघवेना. काकूकडे तर नाहीच. तिनं इम्केकडे पाहिलं. ती आत्याच्या मागे मागे सावलीसारखी फिरणारी पोर, आता ताटातला बटाटा या कडेहून त्या कडेला ढकलत होती. वर बघतच नव्हती. हे आपण तिला शिकवलं... फ्राउकेला वाटलं, जमीन दुभंगावी. आणि खरं सांगितलं तर? तर तो सोमवारी जाईल, आणि 'चेंडू चोरणारी' एवढीच ओळख घेऊन जाईल.

ती उठली. अंगातल्या कोटाच्या खिशातून चेंडू काढून तिनं टेबलावर ठेवला. "राणी गेझीनेकाकू आहे," ती म्हणाली. "मी... मी लबाडी केली. आणि इम्केला गप्प बसवलं."

कुणी हसलं नाही. तिनं फीत काढून काकूच्या हातात दिली, आणि ती बाहेर पळाली.

खानावळीला लागूनच असलेल्या चर्चच्या विटांच्या भिंतीला ती कपाळ टेकून उभी होती, तेव्हा मागे पावलं वाजली.

"का केलंस?" आयलर्टनं विचारलं. 'तू' म्हणाला तो, पण रागानं की कशानं, तिला कळेना.

"वर्षभर भेटायला मिळालं असतं."

"कुणाला?"

"आता तेही माझ्याच तोंडून ऐकायचंय?"

"हो. आज तू खरं बोलायला बसलीच आहेस, तर..."

"तुला," ती भिंतीला म्हणाली. "लाज वाटते मला. माझ्याकडे बघू नकोस."

तो बघत नव्हता. बूट चिखलात घासत होता. "काकूचा पडलेला चेहरा पाहिला मी," तो सावकाश म्हणाला. "ते वाईट झालं. तुला सांगतो, फार वाईट झालं." मग थांबून, "पण वर्षभर भेटायला राणी व्हावं लागत नाही, फ्राउके. विचारावं लागतं."

वारा सुटला होता. ती वळली. डोळे पुसले नाहीत तिनं, तसेच ठेवले.

"रविवारी येशील? समुद्राकडून?"

"दोन गाड्या बदलाव्या लागतात," तो म्हणाला. "...येईन. पण आधी आत चल. काकूची नीट माफी मागायची आहे तुला. टेबलावरून फेकलेली चालत नाही."

खानावळीच्या दारात इम्के उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वळली आणि त्यांच्या आधीच आत धावली. थेट टेबलाच्या टोकाशी, नव्या राणीसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गेझीनेआजी, मी पाहिलं होतं. आणि मी बोलले नाही."