काळ्या खिडकीतली एक ओळ

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांची पाठ धरली, म्हणून त्या दिवशी त्यांचा पुतण्या आला. पायपुसण्यावर बूट नीट पुसून त्याने दार उघडणाऱ्या मुलीला विचारलं, "पेशंट कुठाय?"

पेशंट खिडकीशी होता. भरतकामाच्या मशीनला जोडलेला तिचा जुना कॉम्प्युटर. नवा घेऊन भागणार नव्हतं, कारण मशीन चालवणारं सॉफ्टवेअर फक्त यातच होतं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि डिस्क घर बदलताना हरवली होती.

"बंद करायला गेलं की 'स्लीप' दिसत नाही, 'हायबरनेट'ही नाही," ती म्हणाली. "रोज सगळी डिझाइन्स बंद करा, सकाळी पुन्हा उघडत बसा."

त्याने मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं. "अक्षरं एवढी मोठी कधीपासून?"

"भावाने विंडोज नव्याने टाकलं तेव्हापासून. जुन्या घरी, डिस्क होती तेव्हा."

"मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकायचा राहिलाय. सध्या कामचलाऊ ड्रायव्हर आहे. तो चित्र दाखवतो, पण झोपवून परत उठवणं त्याला जमत नाही. म्हणून 'स्लीप' गायब."

तिला बरं वाटलं. 'का' विचारलं की लोक सहसा 'असंच असतं' म्हणायचे.

त्याने जुना ड्रायव्हर शोधून टाकला. अक्षरं लहान झाली, 'स्लीप' आलं. उघडी कामं जपून वीज पूर्ण बंद करणाऱ्या हायबरनेटसाठी मात्र त्याने आज्ञा लिहायची एक काळी खिडकी उघडली, तिच्यात एक ओळ टाइप केली. शेवटचा शब्द 'ऑन'.

"आणि तिथे 'ऑफ' लिहिलं तर?"

"तर परत जाईल." तो हसला. "पण असं कोण लिहील?"

जाताना त्याच्या बाहीला नारिंगी धाग्याचा तुकडा चिकटला होता. तिने पाहिलं... आणि सांगितलं नाही.

आठवड्याभरात तिने 'ऑफ' लिहिलं.

"काय गं, आज पुन्हा वैद्यबुवा?" वहिनीने विचारलं.

"हायबरनेट गेलं, वहिनी."

"गेलं, की घालवलं?"

तो आला, ओळ लिहिली, चहा घेतला. मशीनची सुई खालीवर कशी होते ते वाकून बघत बसला. पुढच्या आठवड्यात हायबरनेट पुन्हा गेलं. या वेळी तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"ड्रायव्हर जागेवर आहे. स्लीप जागेवर आहे. फक्त हायबरनेट जातं, आणि ते आपोआप जात नाही," तो म्हणाला. "व्हायरस असणार. सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल. तुमच्या सॉफ्टवेअरची डिस्क काढून ठेवा."

"डिस्क नाहीये. हरवली."

बॅगेची चेन लावत तो म्हणाला, "तर मग हे माझ्या आवाक्यातलं नाही. यापुढे काकाच येतील. मी आलो आणि... दर वेळी हरलोच. तुम्ही उगाच माझ्यावर भरवसा ठेवलात."

गंमत इतकी महागात पडेल असं तिला वाटलं नव्हतं. तो खरंच दाराकडे निघाला होता.

"व्हायरस नाहीये," ती घाईने म्हणाली. "मी आहे."

"म्हणजे?"

"ती ओळ मीच लिहिते. शेवटी 'ऑफ'."

"पण — का?"

आजवर हा प्रश्न तिचा होता आणि उत्तरं त्याची. तिने मशीनवरचा धागा बोटाला गुंडाळला, सोडला.

"तुम्ही यावं म्हणून."

त्याचे कान आधी लाल झाले. मग तो खुर्चीत बसला.

"मला वाटलं, मला कामच येत नाही. आठवडाभर जिवाला घोर होता."

"चुकलं माझं."

"चुकलंच!" तो म्हणाला, पण हसू काही त्याला आवरेना. "नुसतं 'या' म्हणाला असतात तरी आलो असतो."

"मग... या."

"रविवारी येतो. बॅग न घेता."

"आणि घरी काय सांगू?"

स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला, "काही सांगू नकोस, सगळं ऐकू येतंय इथे!"