पाच चाळीसची नोंद

ही घटना खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली आहे, आणि अजून संपलेली नाही.

रात्रीची नाही. ना काळोख, ना ओसाड रस्ता. सोमवारची सकाळ, पाच वाजून चाळीस मिनिटे. जागा म्हणजे इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्याचे फाटक.

फाटकावर हजेरीचे यंत्र होते. कामगार कार्ड दाखवत, यंत्र ‘टीं’ असा आवाज करी, हिरवा दिवा लागे आणि नोंद कार्यालयातल्या डेटाबेसमध्ये जाई. ती नोंद पोहोचवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मी लिहिलेली. सर्व्हरवर ती महिनोन्‌महिने न थांबता चालत असे. मला तिचा अभिमान होता.

बॉयलर पेटवणारे काका सगळ्यांच्या आधी येत. वाफ तयार नसेल तर धुलाई सुरूच होत नाही. कामगार त्यांना ‘कोंबडा’ म्हणत, आणि ते स्वतःही त्यावर हसत.

एकदा ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“साहेब, दर सोमवारी मला गैरहजर दाखवतंय तुमचं मशीन.”

“कार्ड नीट धरत नसाल, काका.”

“अहो, दिवा लागतो की! मोतीबिंदू झालाय, पण हिरवा रंग कळतो अजून.”

पलीकडून हजेरी कारकून म्हणाला, “रविवारच्या झोपेतच बांग देत असेल कोंबडा!”

सगळे हसले. मीही हसलो.

त्या दिवशी काका हसले नाहीत. “कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, साहेब. मी येतो तो येतोच. फक्त ते लिहिलं जावं, एवढंच म्हणणं आहे.”

मी तपासले. मंगळवारी दुपारी, गुरुवारी दुपारी, पुन्हा शुक्रवारी. तिन्ही वेळा नोंद बिनचूक झाली.

“यंत्र खोटं बोलत नाही, काका,” मी म्हणालो. तक्रारवहीत लिहिले, ‘कर्मचाऱ्याची चूक.’

दीड महिन्याने, एका सोमवारी, वाफेची मुख्य नळी फुटली.

बॉयलरच्या खोलीत काका एकटेच होते. सहा वाजता पहिली पाळी आली, तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते.

त्या दिवशीच्या हजेरीत काकांचे नाव नव्हते. कारखान्याच्या वकिलांनी तेवढेच धरले. हा माणूस कामावर आलेलाच नव्हता. कामावर नसताना मागच्या बाजूने चोरून शिरला, नसती उठाठेव केली आणि जिवाला मुकला.

मॅनेजरांनी माझ्यापुढे कागद सरकवला. ‘हजेरी यंत्रणा निर्दोष आहे.’

मी सही केली. त्या क्षणी मला ते खरेच वाटत होते. माझ्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच आहे.

पुढच्याच रविवारी घरी बसून मी स्क्रिप्टची त्रुटींची यादी उघडली. हिरवा दिवा लागतो म्हटल्यावर ती वाचण्याची गरज मला कधी भासलीच नव्हती.

दर सोमवारी, पाच चाळीसला, एकच ओळ.

‘जोडणी तुटली आहे.’

कारण लाज वाटावी इतके साधे होते. स्क्रिप्ट डेटाबेसशी एकदा जोडणी करून तीच धरून बसे. आठ तास कोणी काही लिहिले नाही, की डेटाबेस आपल्या बाजूने जोडणी बंद करी. समोरच्याने फोन ठेवावा आणि आपण बोलतच राहावे, तसे. इतर दिवशी दुसरी पाळी रात्री अकराला सुटे, म्हणून तेवढा खंड पडतच नसे. तो पडे फक्त रविवारच्या सुट्टीत. सोमवारी पहिला येणारा माणूस त्या मेलेल्या जोडणीवर आपले नाव सांगे. मग स्क्रिप्ट जागी होऊन नवी जोडणी करी, पुढच्या सगळ्यांच्या नोंदी घेई. पहिला माणूस मात्र हरवलेला असे.

आणि नोंद झाली की नाही हे न विचारताच दिवा लावायचा, हे मीच ठरवले होते.

मी मॅनेजरांना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“कागदावर सही कुणाची आहे?”

“माझी.”

“मग? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणार?”

मी धोंडा पाडून घेतला नाही. स्क्रिप्ट तेवढी गुपचूप दुरुस्त केली. प्रत्येक नोंदीआधी जोडणी जिवंत आहे का ते पाहायचे, नसेल तर नव्याने जोडायची, आणि नोंद झाल्यावरच दिवा लावायचा.

दुरुस्ती पाहायला पुढच्या सोमवारी साडेपाचलाच फाटकावर पोहोचलो. बॉयलरच्या खोलीला सील होते. अपघातानंतर नेमलेला वॉचमन खुर्चीत बसला होता.

पाच एकोणचाळीस...

रबरी चपलांचा आवाज आला. ओल्या फरशीवरून येतो तसा.

फरशी कोरडी होती.

टीं.

हिरवा दिवा लागला.

“कोण आलं, साहेब?” वॉचमनने विचारले.

“तुम्हाला दिसलं कुणी?”

“दिसलं नाही म्हणून तर विचारतोय.”

मी लॅपटॉप उघडला. काकांचा क्रमांक. आगमन, पाच चाळीस.

ती नोंद मी पुसली. पुढच्या सोमवारी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. आत गेल्याची नोंद असे. बाहेर पडल्याची कधीच नसे.

मग एका सोमवारी सकाळी काकू आल्या. हातात स्टीलचा डबा.

“यांचं कार्ड यात ठेवलंय. दर सोमवारी पहाटे डबा तापतो. हात लावून बघा.”

मी हात लावला... आणि मागे घेतला.

काकू रडल्या नाहीत. “लेकीला लोक विचारतात, तुझा बाप कामावर नसताना काय चोरायला गेला होता? मला बाकी काही नको. ते त्या दिवशी कामावर आले होते, एवढी एक ओळ लिहून द्या. तुमच्या सहीनं.”

“पुढच्या सोमवारी देतो, काकू.”

“ते कधी उशिरा गेले नाहीत हो,” एवढेच म्हणून त्या उठल्या.

त्याच संध्याकाळी मी ती ओळ लिहायला बसलो. कागदावर नाही, डेटाबेसमध्ये. तिथे सही लागत नाही.

काकांचा क्रमांक. अपघाताची तारीख. पाच चाळीस.

‘एक नोंद जतन झाली.’

उघडून पाहिले... नव्हती.

अकरा वेळा लिहिली. अकरा वेळा ‘जतन झाली’ आले. जोडणी जिवंत होती. दुसऱ्या कोणाचीही नोंद टाकली की ती राही. ही तेवढी राहत नव्हती.

पुढच्या सोमवारी मी कामावर गेलोच नाही. अंगात कणकण आहे असे बायकोला सांगितले. खरे कारण म्हणजे काकू येणार होत्या.

नऊ वाजता मॅनेजरांचा फोन.

“अहो, आहात कुठे? टेबलावर दिसत नाही.”

“घरी आहे. आलोच नाही आज.”

“काहीतरीच काय? पाच एक्केचाळीसला आत आलाय तुम्ही. नोंद आहे समोर.”

“चूक असेल साहेब. मी खरंच घरी आहे. बायकोला विचारा हवं तर.”

ते हसले. “यंत्रणा निर्दोष आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय की.”

फोन ठेवून मी खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून माझे कार्ड काढले.

हातातून टाकावे लागले, इतके तापले होते. तळहातावर त्याचा चौकोनी डाग अजून आहे.

पाच चाळीस, काका. पाच एक्केचाळीस, मी. बाहेर पडल्याची नोंद दोघांचीही नाही.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. मधल्या प्रत्येक सोमवारी मी कुठेही असलो तरी पाच एक्केचाळीसला आत गेलेला असतो.

काकूंना द्यायचा कागद समोर आहे. ओळ लिहून झाली आहे. ‘ते त्या दिवशी कामावर आले होते.’ खाली सहीची जागा कोरी आहे.

आज रविवार. संध्याकाळचे सहा वाजले आहेत. दुपारपासून पेनचे टोपण काढून बसलो आहे.

पहाटेला अजून बारा तास आहेत...

आणि कार्ड आत्ताच कोमट लागते आहे.