मास्तर झोपेत चालायचे

त्या दिवशी फिजिओबाई जरा लवकरच पोचल्या. दुपारचे अडीच वाजले होते. मास्तरांच्या सुनेनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "झोपलेत. तुम्ही बसा, मी तेवढ्यात औषधं घेऊन येते," म्हणत ती चपला सरकवून जिना उतरलीसुद्धा.

मास्तर भूगोलाचे. उभा जन्म फळ्यावर डोंगररांगा काढण्यात गेला. निवृत्तीनंतर डोक्यात एकच खूळ होतं: पाठीवर बोजा घ्यायचा आणि पाच महिन्यांची एक लांबलचक डोंगरवाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालायची. निघायला तीन आठवडे उरले असताना शिडीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

हल्ली ते ती वाट झोपेत चालत. रोज दुपारी, काल जिथं थांबले तिथून पुढं. "आज अठरा किलोमीटर झाले, पोरी," असं जाग आल्यावर मोठ्या ऐटीत सांगत. बाईही म्हणत, "मग पाय दुखत असतील, सर. आणा, दाबून देते." दोघंही हसत.

आज बाईंनी चादर बाजूला केली आणि त्यांचा हात तसाच राहिला.

दोन वर्षं जमिनीला न लागलेले ते तळवे. परवापर्यंत लोण्यासारखे मऊ होते. आज टाचेवर टरटरून फोड आला होता, आणि अंगठ्याखालची कातडी घट्टे पडून पिवळी झाली होती. खिडकी बंद होती, तरी खोलीत ओल्या मातीचा आणि कुजक्या पानांचा वास दाटला होता.

बाईंनी नाडी पाहिली. एकशे तीस. झोपलेल्या माणसाची! श्वासही चढणीवरचा, तोंड उघडं टाकून घेतलेला.

"सर... उठा. सर!"

मास्तरांनी दचकून डोळे उघडले आणि बाईंचं मनगट घट्ट धरलं.

"मला परत झोपू देऊ नकोस."

"काय झालं?"

"कुणीतरी मागून येतंय. आठ दिवस झाले. मी थांबलो की तेही थांबतं... आज पार खांद्याशी आलं."

"स्वप्न आहे, सर."

"म्हणालं, फार दमलोय. तुझं घर कुठं आहे?" मास्तर कुजबुजले. "आणि मी सांगितलं गं. मजलासुद्धा सांगितला... तोंडातून निघूनच गेलं."

पिशवी उचलायची आणि सरळ जिना गाठायचा, असं क्षणभर बाईंच्या मनात आलंही. पण ज्याला पळता येत नाही, त्याला असं एकटं टाकून कसं जायचं? त्यांनी खुर्ची पलंगाला भिडवली, मास्तरांच्या तोंडावरून ओला हात फिरवला आणि त्यांना बोलतं ठेवलं. शाळेतल्या गोष्टी, नातीचा अभ्यास, काहीही. हळूहळू नाडी उतरली. शंभर, नव्वद, बहात्तर. छातीचा भातासुद्धा शांत झाला.

"बघा, झालं सगळं ठीक," बाई म्हणाल्या.

मास्तर मात्र दाराकडे पाहत होते.

तेव्हा बाईंच्याही लक्षात आलं. धापा थांबल्या नव्हत्या.

"सर... श्वास रोखून धरा जरा."

त्यांनी धरला. बाईंनीही धरला. बंद खोलीत दमलेला, घरघरता श्वास चालूच होता. आधी दाराजवळ, मग कपाटापाशी, मग पलंगाच्या अगदी लगत. मास्तरांची बोटं बाईंच्या मनगटात रुतली.

जड ओझं खाली टाकावं तसा धप्प आवाज झाला. श्वास हळूहळू मंदावला, घरी पोचल्यावर मंदावतो तसा. आणि मास्तरांच्या निर्जीव पायांशी, जिथं कुणीच नव्हतं तिथं, गादी सावकाश खाली दबली.