पुलावर तो थांबला तेव्हा

डब्यात सात रिळं होती. पाचव्या रिळात बहात्तर फ्रेम कमी. दोनदा मोजल्या. पुढचंही असंच मोजूनमापून सांगते. एक शब्द पदरचा नाही.

मंगळवार, दुपारचे तीन. जुने चित्रपट तपासायची आमची खोली, बिनखिडकीची.

चित्रपट जपानी, काळा-पांढरा. गावोगाव भटकणारा एक तलवारबाज, ना घर ना धनी. पुलावर सहा जण त्याला अडवतात. तलवार उपसण्याआधी तो तीन सेकंद नुसता उभा राहतो.

बहात्तर फ्रेम म्हणजे तीन सेकंद. नेमके तेच गायब होते.

“मामा, हे तू कापलंस?”

मामा निवृत्त प्रोजेक्टर ऑपरेटर. गेल्या महिन्यापासून मला मदत करायला येत होता. त्याने गुपचूप खिशातून फिल्मचा तुकडा काढला.

“मास्तरीणबाई, रागावू नका. अगं, मारामारी कुणीही करतं. असं थांबणं कुणाला जमतं? मोह आवरला नाही.”

मला हसू आलं नाही.

गेल्या महिन्यापासूनच मामाचं हृदय मध्येच थांबत होतं. तीन-तीन सेकंद. याहून लांबलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या दिवशीही त्याच्या छातीवर ठोके नोंदवणारं यंत्र होतं.

मी विज्ञान शिकलेली. तरीही तुकडा घाईघाईने जागेवर चिकटवला...

रीळ लावलं. मामा माझ्या मागच्या खुर्चीत बसला.

पुलावर खडावांचा आवाज. टाक... टाक...

तो थांबला.

तीन सेकंद झाले. तो हलला नाही.

पडद्यावर वारा होता, नदी होती... आवाज नव्हता. प्रोजेक्टरची घरघरही ऐकू येईना. रीळ मात्र फिरत होतं.

मागे मामाचा श्वास... तोही नाही.

मी मोजायचं विसरले. मी कधी विसरत नाही.

मग... तलवार उपसल्याचा आवाज. प्रोजेक्टर पुन्हा घरघरला.

“मामा!”

तो पडद्याकडे बघून हसत होता.

“काय थांबला गं! एकदा परत लाव ना.”

मी दिवे लावले. फिल्म काढली, तुकडा तपासला. फ्रेम बहात्तरच.

मामा ठणठणीत आहे. रोज फोन करून विचारतो, “कधी लावतेस?” मी रोज नवी सबब सांगते. यंत्राचा अहवाल माझ्याकडेच आहे. त्याला अजून दाखवलेला नाही.

दुपारी तीन वाजून बावीस मिनिटं. दोन ठोक्यांमधलं अंतर, अकरा सेकंद.