लेलँडने बदलून आणलेला रेकॉर्डर

ही घडलेली गोष्ट आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर भागात, लोखंडाच्या खाणींचं गाव. १९८८ चा जानेवारी.

आर्डिस मेल्यावर तिच्या नवऱ्याच्या, लेलँड हॉगनच्या, पदरात काय पडलं ते आधी पाहू. विमा नव्हता. घर पहिल्यापासून त्याचंच. शेजारणींनी हॉटडिशच्या, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटे-खिम्याच्या, थाळ्यांनी फ्रीज भरून टाकला. आणि वर्षानुवर्षं अबोला धरलेली मुलगी, जोलीन, दर रविवारी घरी येऊ लागली.

ही शेवटची कमाई त्याला जिवापलीकडे होती.

ती उभी होती एका वाक्यावर. आर्डिस तळघराच्या जिन्यावरून पडली, तेव्हा मी बाहेर बर्फ उपसत होतो.

खरं तर त्या शनिवारी दुपारी तो सोफ्यावर होता. हॉकी बघत.

तिनं खालून हाक मारली. त्यानं आवाज वाढवला. सामना संपल्यावर उठला, तोवर हाका थांबल्या होत्या...

पुढच्या शनिवारी दुपारी व्हिडिओ रेकॉर्डरचा लाल दिवा आपोआप लागला.

टेप फिरू लागली.

त्यानं कंपनीला फोन केला. फोनवरच्या मुलीनं विचारलं, त्यावरचं घड्याळ लावलंय का? ते गावात कुणीच लावत नसे. घरोघरी त्या यंत्रांवर बारा वाजलेले लुकलुकत असत. मग ते आपोआप सुरू होणारच नाही, ती म्हणाली. आतलं टेप वाचणारं हेड पुसा, प्लग काढून ठेवा.

त्यानं हेड पुसलं. प्लग काढून ठेवला.

शनिवारी दिवा लागला...

प्लग जमिनीवर पडलेला होता.

त्यानं प्लग लावला आणि ती टेप चालवून पाहिली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मागे सामन्याचा गलका. मग गलक्याच्या खालून...

"लेलँड... टेप चालू आहे ना? मग ऊठ की."

ते यंत्र तिनंच नाताळात आणलं होतं. सामना टेप झाला, तर हा जेवायला तरी उठेल म्हणून.

टेप बाहेर येईना. त्यानं यंत्र तसंच खोक्यात कोंबलं आणि दुकान गाठलं. काउंटरवरच्या रसेलनं पावती पाहिली, फार विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "हॉगनकाका, यात हॉटडिश तर नाही ना भाजलीत?"

लेलँड हसला. कितीतरी दिवसांनी.

नवं यंत्र गुणी निघालं. शनिवार आला, गेला. दिवा लागला नाही. लेलँडला वाटलं, सुटलो.

रविवारी जोलीन आली नाही.

फोनही उचलेना. तो गाडी काढून तिच्या घरी गेला. तिनं दार उघडलं, पण जाळीचं दार आतून लावलेलंच ठेवलं. तिच्या मागे टीव्हीवर मुंग्या नाचत होत्या. खाली तेच यंत्र. परत आलेला माल तपासून, खोकं चिकटवून दुकानं स्वस्तात विकतात; जोलीननं तोच घेतला होता. तपासणीत आतली टेप सुरळीत फिरली होती, काहीच बिघाड सापडला नव्हता.

"रेकॉर्डरला माइक नसतो, बाबा. मी दुकानात विचारून आले. मग यात आईची हाक कशी?"

त्यानं जाळीचं दार ओढून पाहिलं.

"त्या दिवशी तुम्ही बाहेर होतात ना? बर्फ काढत?"

त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात टीव्हीतून हाक आली. दमलेली. अगदी जवळून.

पण या खेपेला नाव त्याचं नव्हतं...

"जोलीन, त्याला विचार. का नाही उठला?"

लेलँडच्या कानाशी आर्डिसचं काही कामच नव्हतं. त्या कानानं तर ऐकूनही ऐकलं नव्हतं. तिला दुसरा कान हवा होता, आणि तिथवर यानंच तिला खोक्यात घालून पोहोचवलं.

जोलीननं दार लावलं. ते पुन्हा उघडलं नाही.

रेकॉर्डर तिनं परत केला नाही. म्हणतात, अजूनही शनिवारी दुपारी तिच्या खिडकीतून गलका ऐकू येतो, आणि मागोमाग ती हुंदके देते. आर्डिसनं सूड पुरता वसूल केला, पण कुणाकडून? लेलँडची मुलगी गेली, हे खरं. जोलीनची मात्र आई दर शनिवारी नव्यानं मरते, आणि बाप जिवंतपणी मेला.